मौर्यांच्या ऱ्हासाचे तीन गुण

कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचा वास आला की मला मुलुंडच्या शाळेतला सहामाहीनंतरचा एक तास आठवतो. ‘मौर्य साम्राज्याचा ऱ्हास का झाला?’ या तीन गुणांच्या प्रश्नाला सहावीतल्या एका मुलीने लिहिले होते, पुढचे राजे दुबळे निघाले, दूरचे प्रांत फुटले. अशोकाच्या अहिंसेचा मुद्दा नव्हता, म्हणून मी एक गुण कापला. ती पेपर घेऊन टेबलापाशी आली. “बाई, अशोकानंतर राज्य पन्नासेक वर्षं टिकलं ना? मग दोष त्याचा कसा? आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते. मी असं खोटं नाही लिहिणार.” मागून कोणीतरी ओरडले, “ए, अशोकाची वकील!” वर्ग हसला, मीही हसले. तिचे बरोबर आहे हे मला कळत होते, पण पुढचा धडा घ्यायचा होता. “गाईडमधला मुद्दा लिही आणि गुण घे गं,” मी म्हणाले. वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला. तिने पहिल्याच ओळीत, सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘अशोकाच्या अहिंसेमुळे सैन्य दुबळे झाले.’ मी तिला तीनपैकी तीन गुण दिले. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आता तिचा नंबर आहे. मी अजून फोन केलेला नाही.