गाभण जायच्या आधीचं इंजेक्शन
स्पिरिटचा वास आला की मला दुष्काळातली चारा छावणी आठवते. साखर कारखान्यामागच्या माळावर गुरं बांधलेली, डोळ्यांत जाणारी धूळ, आणि गुरांच्या डॉक्टरांपुढे आमची शिकारी कुत्री धरून उभी असलेली आई. आदल्या विणीची सगळी पिल्लं रक्ताच्या हगवणीनं गेली होती. "लहानपणी टोचलंय की हिला, आता परत कावून?" वडील कुरकुरले. डॉक्टर म्हणाले, "तेवढ्यानं भागत नाही. दरवर्षी टोचा, तेही गाभण जायच्या आधी. आईची ताकद दुधातून पिल्लांना मिळते." आईनं कुत्रीचं तोंड मांडीशी घट्ट धरलं. "टोचा डॉक्टर. ह्याच्याबिगर मी हिच्याजवळ कुत्रा येऊ देणार न्हाई." पुढच्या विणीची सगळी पिल्लं जगली. त्या दुष्काळी साली आमच्या घरी वाढली ती तेवढी पिल्लंच, हे मला आता जाणवतं.