एक्केचाळीस नंबर

चाकणच्या एका कंपनीत फायरवॉलवर नजर ठेवायचं काम मी बरीच वर्षं केलं. बाहेरून नेटवर्कमध्ये कोण शिरतंय याच्या नोंदी स्क्रीनवर सरकत राहायच्या, आणि काही वावगं दिसलं की ती ओळ लाल व्हायची. माझ्या हाताखाली तळेगावकडचा एक कंत्राटी माणूस होता, तिशी उलटलेला. ही गोष्ट घडली त्याच्या पुढच्या महिन्यात तो पर्मनंट होणार होता आणि त्यावरच त्याचं लग्न अडलं होतं. मला तो डोळ्यासमोर नको असायचा. प्रत्येक आकडा दोनदा वाचायचा. "राव, तुमचं वाचून होईपर्यंत मी रिटायर होतो," असं मी त्याला सगळ्यांदेखत म्हणायचो. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं.

खंडेनवमीला पूजेसाठी सगळ्या मशिनी बंद ठेवत. बंद मशिनीकडून उत्तर आलं नाही की तिचीही ओळ लाल व्हायची; तसं होऊ नये म्हणून दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत त्यांच्या नेटवर्कवरच्या नंबरांची रेंज दुर्लक्षाच्या यादीत टाकायची, ही आमची पद्धत. त्या वर्षी त्याने एकाऐवजी दोन रेंज टाकल्या: पाच ते चाळीस आणि बेचाळीस ते ऐंशी. मधला एक्केचाळीस नंबर ज्या कॉम्प्युटरचा होता, तो दुरुस्तीवाले बाहेरून वापरायचे आणि तो कधी बंद नसायचा. म्हणून त्याने तो वगळला होता. मला हे ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नाही. तो पूजेला खाली गेला, स्क्रीन उघडीच होती. एका ओळीच्या कामाला दोन ओळी बघून माझं डोकं फिरलं. एक ओळ पुसली, दुसरी पाच ते ऐंशी केली. तो वर आला तसं त्याला पेढे वाटायला पिटाळलं.

सुट्टीत कोणीतरी एक्केचाळीसमधूनच आत शिरलं. आमच्या स्क्रीनवर एकही ओळ लाल झाली नाही. सुट्टीनंतर दोन दिवस उत्पादनाची लाइन ठप्प होती.

चौकशीत बदल त्याच्या लॉगिनवर निघाला. साहेबांनी विचारलं, रेंज कोणी टाकली? तो म्हणाला, "मीच टाकली, पण मला वाटतंय मी दोन टाकल्या व्हत्या." वाटतंय म्हणाला. स्वतःच्या हातावर त्याचा भरवसा उरला नव्हता, आणि ती माझी कित्येक महिन्यांची मेहनत. मी शेजारी मूग गिळून बसलो. खोटं सांगत नाही, भीतीपेक्षा मला सुटल्याचा आनंद जास्त झाला होता.

त्याचं कंत्राट त्याच आठवड्यात संपवलं. ओळखपत्र जमा करून तो माझ्या टेबलापाशी आला. "भाऊ, साहेबांपुढं तुमी माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला न्हाई. लई उपकार झाले. तिकडं पोरीकडच्यांनी नकार कळवलाय, पण तुमच्यासारखी माणसं हायेत म्हणून धीर हाय."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "पुढे कुठे लागलास तर आकडे जरा नीट बघून टाकत जा."

"व्हय," तो म्हणाला.