गप, मोजतेय!
स्पिरिटचा वास आला की मावशी आठवते. नर्स होती, अर्ध्या रत्नागिरीची बाळंतपणं तिने केली, उरलेल्या अर्ध्याला सुया टोचल्या आणि निवृत्तीनंतरही स्वस्थ म्हणून बसली नाही. तिच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या सकाळी मी खाटेभोवती एवढ्या येरझारा घातल्या, की तेवढ्यात हेदवीच्या गणपतीला चालत पोचलो असतो. शेवटी तिने माझं मनगट धरलं. “घाबरू नकोस गं,” मी गहिवरून म्हणालो. “गप रे मेल्या, ठोके मोजतेय! घोड्यासारखी धावतेय तुझी नाडी,” असं खेकसून ती खाटेवरून उतरली आणि तिने तिथे मलाच आडवं केलं. स्ट्रेचरवाला मलाच उचलून नेणार होता! ती खदाखदा हसत आत गेली, ती परत आलीच नाही. अजूनही त्या वासाने माझी बोटं मनगटावर जातात, पण मोजता मोजता मी बडबडतो आणि आकडा चुकतो. ‘गप’ म्हणायला ती नसते.