ऐनाच्या सालीचा काळा

लग्नघरी भिंतीवर देवीचा चौक लिहावा तो हिरीनेच, असं तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर म्हणत. पण चौकाचा मान सवाशिणींचा. नवरा गेला आणि हिरीचा हात थांबला. सहा वर्षं तिने भिंतीला पिठाचं बोट लावलं नाही.

एकसष्ट सालच्या फाल्गुनात मुंबईचे एक चित्रकार मास्तर पाच विद्यार्थी घेऊन हिरीच्या पाड्यावरच्या शाळेत महिनाभर राहायला आले. बाजारचा रंग वापरायचा नाही, झाडापाल्यातून निघेल तोच, असा त्यांचा पण. हिरी त्यांच्याकडे पाणी भरायची. पळसफुलांचा केशरी निघाला, वालाच्या पानांचा हिरवा निघाला. काळा मात्र जमेना. कोळसा उगाळून लावला, तर सुकल्यावर हाताला यायचा.

हिरीचा बाप समुद्रकाठच्या चिखल्याच्या मांगेल्या कोळ्यांना जाळी रंगवायला ऐनाची साल नेऊन द्यायचा. लहानपणी तीही सोबत जायची, तिथे रंग कसा करतात ते पाहायची. तिने साल आणून उकळली, त्यात गंजके विळे टाकले आणि दोन दिवस झाकून ठेवलं. तांबूस पाणी काळंभोर झालं. मग धावड्याचा डिंक घातला. मास्तरांनी भिंतीवर पट्टा ओढला, सुकू दिला आणि ओल्या फडक्याने घासून पाहिला. फडकं पांढरंच राहिलं.

"बाई, ही भिंत आता तुमची," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी हिरी लाडकीकडे गेली. लाडकी धवलेरी, लग्नं लावणारी. तिचा शब्द पाड्यावर कुणी मोडत नसे. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "चौक देवीचा, त्याचे नेम देवीचे. शाळेच्या भिंतीला कुणाचं लगीन लागलंय? लिही तू."

हिरीने मास्तरांनी दिलेला कुंचला बाजूला ठेवला आणि बांबूची काडी ठेचून घेतली. नऊ दिवसांत भिंतीवर समुद्र आला, होड्या आल्या, वाळत घातलेली काळी जाळी आली, आणि डोईवर सालीचा भारा घेतलेला एक माणूस आला.

शेवटच्या दिवशी चार पाड्यांची माणसं लोटली. कित्येकांनी समुद्र पाहिलाच नव्हता. हिरीच्या बापाबरोबर भारे वाहिलेला म्हातारा मोरू त्या माणसापाशी थबकला. "हा तुझा बा. मान अश्शीच वाकडी धरायचा," तो म्हणाला. हिरीला हसूही आलं आणि रडूही.

पुढच्या फाल्गुनात मास्तर बारा विद्यार्थी घेऊन आले. रंग हिरीबाई शिकवतील, असं त्यांनी आधीच पत्राने कळवलं होतं. पहिल्याच सकाळी हिरीने सगळ्यांना रानात पिटाळलं.

"उभं झाड सोलायचं नाही. पडल्या फांदीची साल आणा."

मास्तरही कोयता घेऊन निघाले.