गवताची घळ

साक्रीच्या पश्चिमेचा तो डोंगर चढायला आम्ही दोघंच गेलो होतो. निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना डोंगरांचं वेड लागलं, आणि घरी बसून काळजी करण्यापेक्षा मी सोबत जाऊन करते.

पायथ्याच्या पाड्यावर सांगितलं होतं, गुरांच्या वाटेनं जा. ती वाट भलामोठा वळसा घेते. ह्यांना समोर सरळ वर गेलेली घळ दिसली, तळ घासून गुळगुळीत झालेला. "बघ, रोजच्या वापरातली वाट आहे!" मी तोंड वाकडं केलं आणि मागोमाग निघाले.

अर्ध्यावर चढ एकदम उभा झाला. वाळलेल्या गवतावरून बूट सटकत होते, धरायला काही नव्हतं. रडू येत होतं, पण ह्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

तेवढ्यात वरून एका बाईची हाक आली, "भारा उनाऽऽ!"

डोंगरात कुणी हाक दिली की उत्तर द्यायची ह्यांना भारी हौस. हात उंचावून ओरडले, "होऽऽ!"

वर काहीतरी खसखसलं आणि माणसाएवढा गवताचा भारा दगड उडवत सुसाट खाली येताना दिसला. मी कडेच्या खोबणीत होते, हे मधोमध. पाठीवरची सॅक धरून मी त्यांना जीव खाऊन ओढलं. भारा ह्यांचा खांदा सोलून गेला. हे पांढरेफटक.

पुन्हा वरून तीच हाक, भारा आला म्हणून. या वेळी खूप खालून एका पुरुषाचं "होऽऽ" आलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसांची वाट नव्हतीच. कापलेलं गवत खाली सोडायची घळ होती, आणि खालून हो आलं की वरचा भारा सुटायचा.

"सोडू नका! माणसं आहेत!" मी किंचाळले. ऐकू गेलं की नाही, कळेना. ह्यांना कातळाशी दाबून मी तिथंच खाली बसले आणि डोळे मिटले.

भारा आला नाही. बाईच कडेकडेनं उतरत आली, कमरेला विळा. तिला चांगलं झापायचं मी ठरवलं होतं. ह्यांचा रक्ताळलेला खांदा बघून ती मटकन खाली बसली.

"माले वाटनं, खाले मना मालक शे. हो ऐकं, आनि भारा सोडा." ह्यांचं "हो" आपल्या नवऱ्याचं समजून तिनं भारा सोडला होता.

मग ती उठली आणि मला उठवायला तिनं हात पुढे केला. झापायचं विसरून मी तो धरला.