‘भावपूर्ण’मधला पू

अण्णा गेले त्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर सगळे ‘भावपुर्ण श्रद्धांजली’ लिहीत होते आणि मी एकालाही सुधारलं नाही.

मला ओळखणाऱ्यांना कळेल, हे किती अवघड गेलं असेल.

आज वर्ष झालं.

अण्णा आमचे शेजारी. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आणि इकडे गंगापूर रोडला, कॉलनीच्या कोपऱ्यावर, छोटा स्टॉल.

अण्णा जायच्या बऱ्याच आधी एक काळ असा होता की मी घराबाहेर पडत नव्हतो. बारावी अर्धवट सोडलेली. चार माणसं दिसली की छातीत धडधड. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण अख्खा दिवस फोनवर जायचा. अनोळखी लोकांच्या कमेंट वाचायच्या, त्यांच्या चुका काढायच्या. घरच्यांशी संबंध जेवणाचं ताट दारातून आत घेण्यापुरता.

सगळे म्हणायचे, “आधी तो फोन ठेव.”

अण्णा कधीच म्हणाले नाहीत. ते मला मेसेज करायचे.

“शूभ सकाल.”

मला राहवायचं नाही. “अण्णा, शुभ सकाळ. शु ऱ्हस्व.”

“बरं गुरुजी. जेवन झालं का?”

“जेवण.”

“ते झालं का पण?”

असं रोज. दुसऱ्या कुणाशीच मी एवढं बोलत नव्हतो.

एके सकाळी त्यांनी फोटो पाठवला. स्टॉलवर नवा फळा, खडूने लिहिलेला.

“शेवंति, झेंडु, निशीगंध. ताजि फूले मीळतील.”

एक शब्द धड नव्हता!

मी सगळं सुधारून पाठवलं. रिप्लाय आला, “फोनवरून फळा पुसता येतो का रे? मला नाय जमत. तूच ये.”

दुपारपर्यंत तो फोटो झूम करून बघत बसलो. येणारे-जाणारे हे वाचत असतील, या विचाराने चैन पडेना.

शेवटी चप्पल घातली. आई जिन्यात उभी राहून बघत होती.

स्टॉलवर गेलो, फळा पुसला, खडू घेतला. निशिगंधातला शि वेडावाकडा आला, पुसून परत लिहिला.

“आलाच आहेस तर ही टोपली धर,” अण्णा म्हणाले. “गिऱ्हाईक आलंय.”

धरली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी चूक. परत गेलो. जातच राहिलो.

त्यांच्या दहाव्याला मी काकूंना, अण्णांच्या बायकोला, म्हणालो, “अण्णांना शेवटपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ काही जमलं नाही.”

काकू रडता रडता हसल्या.

“त्यांना? अरे, गावात सप्ताहाचा फळा तेच लिहायचे. एक वेलांटी चुकायची नाय. मी विचारलं, तुम्ही असं का लिहिता? तर म्हणाले, पोरगं चूक दिसली तरच बोलतं. मग चुकायला माझं काय जातंय?”

फोन सुटला, असं नाही. वाईट दिवस अजून येतात. गोळ्याही चालू आहेत.

पण सकाळी स्टॉल मी उघडतो. गिऱ्हाइकांशी बोलतो, काकूंशी भांडतो. फोन गल्ल्याशेजारी पडलेला असतो, कधी कधी थेट दुपारी आठवतो.

ग्रुपवर त्या दिवशी गप्प का राहिलो?

सुधारलं असतं, तर पुढे “बरं गुरुजी” आलं नसतं.

आज फळ्यावर फुलांच्या वर तुमचं नाव लिहिलंय, अण्णा.

भावपूर्ण श्रद्धांजली.

पू दीर्घ. तपासून घेतलाय.

बरं म्हणा.