स्टंपाच्या वीतभर बाहेर

आमच्या संतपूरच्या टीमचे किस्से म्हणजे सोयाबीनची गंजी. एक पेंढी ओढावी तर दहा अंगावर येतात. त्यातले बिरप्पाचे तेवढे सांगतो, कारण त्यात माझी कॅप्टनकी पणाला लागली होती.

गेल्या साली मैलूरच्या टीमला आमचा ओपनर दिगंबर दिला आणि त्यांचा बिरप्पा घेतला. चेंडू वाऱ्यासारखा टाकायचा, पण अख्ख्या सीझनमध्ये एक स्टंप पाडला नव्हता. मैलूरच्या कॅप्टननं मला चहा पाजला, वर भजी!

घरी बायको म्हणाली, "बैल देऊन कासरा आणलाव व्हय?"

ज्यांच्या रानात आम्ही खेळतो, त्या शरणप्पांनी सुनावलं की मैलूरकडून हरलास तर कॅप्टनकी सोडायची. मी म्हटलं, "चालतंय. पर बिरप्पा जाणार न्हाई."

*

पहिल्याच दिवशी बघितलं, सहाच्या सहा चेंडू ऑफ स्टंपाच्या वीतभर बाहेर, एकाच जागी. तिथं असा खड्डा पडला की सकाळी शरणप्पांची कोंबडी त्यात अंडं घालून गेली. चुकणारा माणूस रोज वेगळा चुकतो. हा एकच चूक करतो, म्हणजे ह्याला येतंय!

*

विचारलं, चेंडू स्टंपाला कामून लागंना. बिरप्पा घरचा धनगर. लहानपणापासून दगड फेकून मेंढरं वळवलेला. म्हणाला, "अण्णा, दगड म्होरं टाकायचा आस्तंय. ही स्टंपं बी आपलीच की. आपल्याच मेंढराला मारतेत व्हय?"

*

मग मी शिकवणंच सोडलं आणि कीपर वीतभर सरकवला. आमच्या रानात खेळायला येणारे बॅट्समन बाहेरच्या चेंडूला बॅट लावायचे, मागं कॅच. अफजलपूरचा एकजण चिडून बॅटसकट जो निघाला, तो थेट सोलापूरच्या बसमध्ये बसला.

तरी शरणप्पांचं एकच, "दांडी कुठं उडाली?"

*

फायनल मैलूरच्या मैदानावर. शेवटची ओव्हर दुसऱ्याला दे म्हणून सगळे मागं लागले. मी बिरप्पालाच दिली.

शेवटचा चेंडू, त्यांना दोन रन, समोर आमचाच दिगंबर. बिरप्पाची ती वीत त्याला पाठ. तिन्ही स्टंप उघडे टाकून तो बाहेर सरकला आणि माझ्याकडं बघून हसला. शरणप्पा नवा कॅप्टन कोण, ते बोलायला लागले होते.

मधला स्टंप उडून कीपरच्या पायाशी पडला.

धावत जाऊन विचारलं, "आज कसं काय रे?"

बिरप्पा हात विजारीला पुसत, पडलेल्या स्टंपाकडं बघून म्हणाला, "हे मेंढरू आता मैलूरचं हाय की, अण्णा."